नसीमबाईंचं दळण

सन दोन हजार पंधरा. मला बासष्टावं चालू होतं, आणि त्या सालच्या दिवाळीनंतर नसीमबाई पहिल्यांदा माझ्या गिरणीत आल्या.

येरमाळ्याहून कळंबच्या रस्त्याला लागलं की थोडं आत आमचं गाव. पिठाची गिरणी गावात एकच, ती माझी. माझी शाळा तिसरीत सुटली. सही येते, पेपर वाचता येतो, पण बोट ठेवून. हे लिहायला मला बरेच दिवस लागले आणि पोरगा म्हणाला, "आबा, मी लिहून देतो, तुम्ही सांगा." मी न्हाय म्हणालो. त्यानं लिहिलं असतं तर ते त्याचं झालं असतं. बाईंना मी ऐकलंय, त्यानं न्हाय.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. आयुष्य बदलीच्या गावांत गेलं, कधी बेंबळीकडं, कधी लोहाऱ्याकडं. आमचं गाव त्यांच्या मालकांचं. तेही मास्तरच. दोघांनी ठरवलं होतं, रिटायर झालो की गावच्या घराला रंग देऊन राहायचं. मास्तर रंग द्यायच्या आधीच गेले. बाई एकट्या आल्या, घराला हिरवा रंग दिला आणि राहिल्या. त्या कविता करतात हे गावाला पुढं पेपरात फोटो आला तेव्हा कळलं. मला आधीपासून माहीत होतं. कसं, तेच सांगायचंय.

पहिल्या दिवशी त्यांनी ज्वारीचा डबा रांगेत ठेवला. डबा ठेवून बायका घरी जातात, नाहीतर पिंपळाच्या पारावर जाऊन बोलत बसतात. गिरणीत कोण थांबतंय? मोटर, पट्टा, दगड, सगळं मिळून जो आवाज होतो त्यात नवं माणूस घटकाभरात कान धरतं. बाई आत आल्या, पोत्यांच्या थप्पीजवळ खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, जप करतायत. त्यांच्यात काय म्हणत असतील ते म्हणत असतील. मी मान फिरवली.

पण ते मराठी होतं.

आता ज्यानं जन्मभर गिरणी चालवली नाही त्याला हे पटणार नाही. लोकांना वाटतं गिरणीवाला गोंगाटात बहिरा असतो. उलटं आहे. गोंगाटातच मला ऐकू येतं. "भाऊ, जाड दळा," "मामा, गव्हावर डाळ टाकू नका," हे मला पट्ट्याच्या आवाजाखालनं सरळ येतं. थोडं ओठांवरनं कळतं, थोडं कानानं. बायका घसा ताणतात, त्याची गरज नसते. घरात शांत बसलं की मात्र लोक पुटपुटतात. आमची घरची तर लईच पुटपुटते. ती म्हणते, "अवो, कान दाखवा कुणाला तरी." मी म्हणतो, "तू तोंड उघडून बोल, कानाला काय धाड भरलीय?" हे आमचं रोजचं.

तर बाई कविता म्हणत होत्या. एक ओळ म्हणायच्या, थांबायच्या, तीच ओळ एक शब्द बदलून परत. मोठ्यानं म्हणायच्या. घरी म्हटलं तर शेजारी म्हणतील मास्तरणीचं डोकं फिरलं, एकटी बडबडते. गिरणीत कुणाला ऐकू येणार? असा त्यांचा हिशेब. सात वर्षं तो हिशेब चुकला आणि मी चुकू दिला. ह्यात मला काही वावगं वाटत नाही. गिरणी माझी, कान माझे. मी काय त्यांच्या खिडकीखाली जाऊन उभा राहिलो नव्हतो.

माझी पहिली पाठ झालेली त्यांची ओळ अशी:

सीताफळाचे डोळे उघडले
आणि डोंगर पाटीत बसून बाजाराला आला.

बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं मी जन्मल्यापासून खातोय. पाटीत डोंगर बसलेला मला कधी दिसला नव्हता. त्या आठवड्यात बाजारात गेलो आणि पाटी बघून हसायला आलं. पाटीवाली म्हणाली, "मामा, घ्यायची तर घ्या, हसता काय?"

बाईंच्या एका सवयीची गावभर चर्चा झाली, पण कारण फक्त मला ठाऊक. दळण होत आलं की त्या पिठाची चिमूट बोटांत चोळायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, जरा बारीक हवं होतं. अजून एकदा फिरवता का?" ज्वारीचं पीठ दोनदा दळलं की गरम होतं, त्याचा जीव जातो, भाकरी थापताना चिरते. मी पहिल्यांदा सांगायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, पीठ झालं होतं, कविता व्हायची होती. परत टाकलं पीठ वर. त्यांची पोरगी रुबीना लातूरला दिलेली. ती आली की भाकरी बघून म्हणायची, "अम्मी, तुमच्या गावच्या गिरणीवाल्याला दळता येत नाही." हे बाईंनीच मला हसत सांगितलं. सबंध पंचक्रोशीत माझ्या दळणाला कुणी नाव ठेवलं असतं तर मी त्याचा डबा रस्त्यावर ठेवला असता. त्या दिवशी मी म्हणालो, "पोरीला सांगा, दगडाला टाकी लावायची राहिलीय." दगड आदल्या दिवशीच छिन्नीनं टाकी मारून, खाचा पाडून तयार केला होता.

त्या बारीक अंगाच्या, उंच. डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. चष्मा जाड. गिरणीत तासभर उभ्या राहिल्या की भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि त्यांना पत्ता नसायचा, तशाच बाजारातनं जायच्या. हात कधी मोकळा नसायचा. बोरांच्या दिवसांत बोरं, ती पण पिकून सुरकुतलेली, "भाऊ, गुळगुळीत बोर दिखाऊ असतं, ह्यात मजा आहे." ईदला शिरखुर्मा, झाकणावर फडकं बांधून. थंडी पडली की म्हणायच्या, "करडईची भाजी निघाली का वो कुणाच्या रानात?" कोवळी करडई, वरनं लसणाची फोडणी, सोबत भाकरी, ह्यापुढं त्यांना मटण फिकं. एकदा पाऊस लांबला, सगळे तोंड पाडून बसलेले, तर ह्या म्हणतात, "मूग गेला, पण ह्या उन्हात गोधड्या काय सुंदर वाळल्या बघा!" माझा मूग गेला होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी घरची गोधडी अंगावर घेतली, तिला उन्हाचा वास होता, आणि राग गेला.

एकदा मोठी फजिती झाली. पट्टा जोरात, बाई रंगात आलेल्या, मास्तरांवरचं काहीतरी चालू होतं आणि लाईट गेली. गिरणी एकदम गप. त्या गप्प झालेल्या गिरणीत बाईंचा आवाज खणखणीत: "तुमचा चष्मा!"

दारात चार बायका. मलासुद्धा ऐकू आलं, म्हणजे बघा. सगळ्या बघायला लागल्या.

"चष्मा विसरले की वो घरी," बाई म्हणाल्या.

चष्मा नाकावर होता. एकीनं पदर तोंडात कोंबला. मी खाली वाकून पट्टा तपासायला लागलो, पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. लाईट आली तशी बाई डबा न बघताच निघून गेल्या. आठ दिवस फिरकल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ह्यांना जर संशय आला की कुणी ऐकतंय, तर ह्या परत येणार नाहीत. त्या आठ दिवसांत गिरणीत मला करमलं नाही. दळण तेच, बायका त्याच, पण ओठ हलताना बघावं असं कुणी नव्हतं. तेव्हापासून मी जास्तच बहिरा झालो. त्या काही बोलल्या की मुद्दाम कानाला हात लावून "आं?" करायचो.

येळवशीला त्या आमच्या रानात यायच्या. थंडीतल्या ह्या अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, उंडे, डेऱ्यातली आंबट आंबील. ज्याला रान नाही त्याला रानवाल्यानं बोलवायचं, जातपात विचारायची नाही. बाई सकाळीच यायच्या, बाजरीच्या उंड्यांवर तुटून पडायच्या आणि दुपारी कोपीला टेकून बसायच्या. आमची घरची म्हणायची, "बाई, अजून घ्या आंबील." "घेते, पण डेऱ्यात एक घोट राहू द्या," म्हणायच्या. कशाला ते तिनं विचारलं नाही. मास्तरांना आंबील आवडायची हे मला गिरणीतल्या कवितांवरनं माहीत होतं.

अशाच एका येळवशीच्या दुसऱ्या दिवशी त्या गिरणीत आल्या. घरात पीठ होतं हे मला नक्की माहीत, दोनच दिवस आधी नेलं होतं. पावशेर डाळ घेऊन आल्या. बेसन दोनदा फिरवायला लावलं. आणि ती कविता झाली. मी दगडावरच्या पेटीतनं डाळ पडताना बघत उभा होतो आणि ऐकत होतो.

येळवस सरली तरी कोप मोडू नका,
कडब्याला अजून माणसांचा वास आहे.
डेऱ्यात घोटभर आंबील राहिली
ती कुणाची, विचारू नका.
जो आला नाही त्याच्या वाट्याचं ऊन
अजून बांधावर बसून आहे.

शेवटची ओळ त्यांनी एकदाच म्हटली. बदलली नाही. मग भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी गिरणी उगाच रिकामी फिरत ठेवली. रिकाम्या गिरणीत दगडाला दगड घासतो, टाकी झिजते. झिजू दे म्हणालो.

त्या रात्रीच त्यांना ताप भरला. रुबीना येऊन लातूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोन-अडीच महिन्यांनी परत आल्या त्या अर्ध्या होऊन. चालताना भिंत धरायच्या. नावं विसरायच्या. मला एकदा "शंकर" म्हणाल्या. शंकर आमच्या गावचा पोस्टमन, गेलेला माणूस.

त्या उन्हाळ्यात आनंदाची बातमी आली. पुण्याचा एक प्रकाशक त्यांचं पुस्तक काढणार होता. बाई फोन कानाला लावून गिरणीत आल्या, सांगायला कुणी नव्हतं म्हणून मला सांगायला. "भाऊ, पुस्तक येतंय!"

मी कानाला हात लावला. "आं?"

"पुस्तक! माझं!"

"कशाचं?"

"कवितांचं!" आणि लाजल्या. ह्या वयात. मी म्हणालो, "व्हय का? तुम्ही कविता करता?" हे म्हणताना तोंड सरळ ठेवायला मला कष्ट पडले.

मग पंधरा दिवसांनी आल्या त्या तोंड उतरून. डबा ठेवला, कविता नाही, काही नाही. मी गिरणी चालू केली. त्या माझ्याजवळ येऊन मोठ्यानं बोलायला लागल्या, बहिऱ्याशी बोलतात तसं. प्रकाशकाचा फोन आला होता. छपाईत शेवटचं एक पान कोरं राहत होतं. एक कविता अजून द्या, म्हणाला, चार दिवसांत.

"द्या की मग. काय तोटा आहे?"

"एक होती, भाऊ. मास्तरांवर. पुस्तक त्यांच्या नावानं आहे, बाकी सगळं आहे त्याच्यात, बोरं आहेत, पाऊस आहे, आणि त्यांच्यावर एक नाही. लिहिल्या त्या फाडल्या. ही एक धड झाली होती. कागदावर घ्यायची राहिली आणि ताप आला. येळवस होती त्यात, एवढंच ध्यानात आहे. बाकी पुसलं. इथं उभं राहिल्यावर आठवेल म्हणून आले."

आणि खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या. ओठ हलले. "येळवस सरली." थांबल्या. "येळवस सरली आणि." थांबल्या. मान हलवली. असं तीन दिवस. रोज पावशेर काहीतरी घेऊन यायच्या.

मला सगळी पाठ होती. बोललो असतो तर मिनिटात काम होतं. पण बोललो की बाईंना कळणार, सात वर्षं हा माणूस ऐकत होता. मास्तरांवरचं सगळं, जे त्यांनी पोरीलाही दाखवलं नाही, तेही. मग त्या ह्या खिडकीखाली परत उभ्या राहणार नाहीत. माझं वय झालेलं. पुढं काय ऐकायचं मी? मोटरचा आवाज? तीन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी घरी जेवण जाईना. घरची म्हणाली, "काय झालंय तुम्हाला?" ते मला बरोबर ऐकू आलं, पण "आं?" म्हणालो.

चौथ्या दिवशी बाई आल्या, गहू वर टाकले, खिडकीखाली गेल्या. "येळवस सरली..." म्हणून थांबल्या.

मी पेटीवरचा हात काढला आणि म्हणालो, "तरी कोप मोडू नका."

त्यांनी मान वर केली.

"कडब्याला अजून माणसांचा वास आहे," मी म्हणालो. माझा आवाज पट्ट्यावरनं जातो, जन्मभराची सवय. सगळी म्हणून दाखवली, बांधावरच्या उन्हापर्यंत. गहू संपले, दगड कोरडे घासायला लागले तरी थांबलो नाही.

बाई भिंत धरत माझ्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"सीताफळापासून."

"सगळ्या?"

"दोनदा दळलेल्या धरून."

त्यांच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येत नाही. राग असता तर मला कळला असता, राग मी ओळखतो. त्यांनी डबा उचलला नाही, पीठ घेतलं नाही, पदर तोंडाशी धरला आणि बाहेर पडल्या. मी पीठ भरून घरी पोचवायला लावलं. दुसऱ्या आठवड्यात ऐकलं, बाईंनी रुबीनाकडनं घरात दळायची छोटी चक्की मागवली.

त्या चक्कीचं पीठ कसं येतं मला माहीत आहे. पण मी काही बोललो नाही. पोरानं विचारलं, "आबा, बाई का येत नाहीत?" म्हणालो, "त्यांची मर्जी." पावसाळा गेला. सीताफळं आली. मी बाजारात त्या बाजूला गेलो नाही. त्यांच्या हिरव्या घरावरनं जायचा रस्ता जवळचा, मी लांबचा धरला. मीच का वाकडं तोंड करायचं होतं, वाकडं तर त्यांनी केलं होतं. पण माणसाचा पाय असतो, तो ऐकत नाही.

पुस्तक आलं ते दसऱ्याच्या पुढं. शाळेत कार्यक्रम ठेवला. मला पत्रिका आली, पण तोंडानं कुणी बोलावलं नाही, म्हणून मी गेलो नाही. गिरणी चालू ठेवली. त्या दिवशी दळण कुणाचंच नव्हतं, माझंच दळलं.

चार दिवसांनी, दुपार कलताना, बाई दारात. हातात डबा नव्हता. पुस्तक होतं, आणि एक घडी केलेला कागद. रस्त्यावर जीप उभी, तिच्यात गाद्या, पेट्या, रुबीना पुढं बसलेली.

"भाऊ, लातूरला चालले. आता एकटीनं होत नाही."

पुस्तकाचं शेवटचं पान उघडून त्यांनी माझ्यापुढं धरलं. मी बोट ठेवून वाचलं. येळवस सरली तरी. होतं तसं होतं.

"हे पान तुम्ही भरलंत," त्या म्हणाल्या. "मला आधी लाज वाटली. मग राग आला. मग वाटलं, सात वर्षं मी समजत होते मला कुणी ऐकत नाही. वेडी मी. गिरणी बंद करा."

"आं?" हे खरं "आं" होतं, मला कळलं नाही कशाला.

"बंद करा. आजवर चोरून ऐकलंत."

"चोरून न्हाय."

"बरं, न चोरता. आता मी होऊन ऐकवते. नवी आहे. कुणालाच दाखवली नाही, आधी तुम्हाला."

मी खटका पाडला. पट्टा सावकाश थांबला. दगड थांबले. आणि सगळं शांत झालं.

शांत झालं तसं माझ्या कानात शिट्टी सुरू झाली, रोज होते तशी. बाईंनी कागद उघडला. नजर कमी झालेली, कागद अगदी तोंडासमोर धरला. ओठ दिसेनात. कागदाच्या वर फक्त चष्मा आणि पांढऱ्या भुवया, ह्या वेळी पीठ नव्हतं, वयानंच पांढऱ्या. कागदापलीकडनं आवाज येत होता, त्यातला एक शब्द मला लागत नव्हता. पाण्याखाली कुणी बोलावं तसं. मी पुढं झुकलो. मनात आलं, म्हणावं, बाई, थांबा, गिरणी चालू करतो, मग म्हणा. पण सगळ्या गावाला मी सांगत आलो, माझे कान ठणठणीत आहेत. आणि ज्या बाईला कळून चुकलंय की सात वर्षं एक माणूस आपलं ऐकतोय, तिला कुठल्या तोंडानं सांगायचं की शांततेत तो बहिरा आहे?

त्यांनी कागद खाली घेतला. डोळे भरलेले.

"कशी वाटली?"

"ब्येस," मी म्हणालो.

"एवढंच?"

"एवढंच लई."

त्या हसल्या. कागद घडी करून पिशवीत टाकला. मला वाटलं, देतील. नाही दिला. दारातनं वळून गिरणीत एकदा नजर फिरवली, खिडकी, थप्पी, पट्टा, मी. जीपचा दरवाजा लागला. धुरळ्यात पदर दिसला, मग नुसता धुरळा.

घरची आली. "काय म्हणल्या वो बाई?"

"तुला काय करायचंय?" म्हणालो. खटका वर केला, गिरणी सुरू केली, आणि दळायला काहीच नव्हतं.

बाई आता नाहीत. ह्या सालची येळवस त्यांच्याविना दुसरी. त्यांनी ती कविता छापायला दिली का, कुठल्या पुस्तकात आली का, मला माहीत नाही, मी विचारलेलंही नाही. मला त्यांचं पाहिजे तेव्हा ऐकू येतं, पट्टा फिरत असला की. पण ते पुढचं. जीप गेली त्या दिवसाचं सांगायचं ते एवढंच राहिलं.

रात्रभर कूस बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीला कुलूप लावलं. दारात डबे ठेवून बायका ओरडल्या, मी मागं बघितलं नाही. कळंबवरनं लातूरची गाडी धरली. रुबीनाचं घर विचारत विचारत सापडलं, दुसरा मजला. दार बाईंनीच उघडलं, हातात चहाची कपबशी.

"भाऊ? काय झालं?"

"बाई, काल मला एक शब्द ऐकू आला न्हाय," मी म्हणालो. आवाज माझा गिरणीतलाच, शेजारची दोन दारं उघडली. "परत म्हणा. आणि कागद तोंडापुढं धरू नका."